मास्तरांचे मासे

माझे सासरे मासे मोजतात. लग्नाआधी माझ्या आईने विचारलं, मुलाचे वडील काय करतात, तेव्हा मी हेच सांगितलं. आई म्हणाली, मोजतात म्हणजे विकतात ना? म्हटलं नाही, मोजतात आणि परत पाण्यात सोडतात. ते काम तिला आजही पटलेलं नाही.

आमच्या घरासमोर तळं आहे. फार मोठं नाही, भरभर चाललं तर पाऊण तासात फेरी पुरी होते. एका अंगाला लव्हाळी, दुसऱ्या अंगाला लाकडी धक्का, धक्क्याला बांधलेल्या आमच्या नऊ होड्या आणि धक्क्यालगत पत्र्याची शेड. होड्या नवरा सांभाळतो, शेड मी सांभाळते. शेडमध्ये गळ, दोऱ्या, गांडुळांचे डबे आणि चहा मिळतो. गांडुळं आणि चहा एकाच टेबलावरून देता कसे, असं एका दातांच्या डॉक्टरांनी मला विचारलं होतं. दोन्हींची झाकणं वेगळी आहेत, मी म्हटलं. आता ते दर रविवारी येतात आणि दोन्ही घेतात.

तळ्यात मासे चार-पाच जातींचे आहेत, पण लोक येतात ते पट्टेरीसाठी. अंगावर काळे पट्टे, पाठीवर काटेरी पर, आणि भूक अशी की रिकामा गळसुद्धा गिळेल. त्यामुळे नवशिक्यालाही मिळतो आणि तो फुशारकी मारायला मोकळा होतो.

सासऱ्यांना सगळे खवलेमास्तर म्हणतात. माशाचं वय खवल्यावरून कळतं. खवला भिंगाखाली धरला की त्यावर वर्तुळं दिसतात, वर्षाला एक. ज्या वर्षी मासा पोटभर जेवला त्या वर्षीचं वर्तुळ रुंद, ज्या वर्षी उपाशी राहिला त्या वर्षीचं अरुंद, शेजारच्या वर्तुळाला चिकटलेलं. मास्तरांचा या खवल्यांवर माणसांपेक्षा जास्त विश्वास. सासूबाई म्हणतात, "ह्यांना माझं वय विचारू नका, खवला मागतील."

मूळचे ते सुतार. पंचविशीत असताना मत्स्य खात्याची होडी दुरुस्त करायला इथे आले. तेव्हाच्या म्हाताऱ्या मोजणीदाराची नजर अधू झाली होती. त्याने या सुताराला भिंगाखालची वर्तुळं मोजून सांगायला लावली. सुतार म्हणाला सात, म्हातारा म्हणाला सहा. दोघं दुपारभर भांडले. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने सात कबूल केली आणि सुताराला ठेवून घेतलं. त्याला आता चौतीस वर्षं झाली. सुतारकी सुटली, पण दोनदा मोजल्याशिवाय कापायचं नाही ही सवय राहिली. आमच्या घरात केकसुद्धा दोनदा मोजून कापला जातो.

आता मासे मोजायचे कसे, कारण ते काही रांगेत उभे राहत नाहीत. त्याची युक्ती सोपी आहे. पोत्यात पांढरे वाटाणे किती ते ठाऊक नाही. मग त्यात पाचशे काळे वाटाणे टाकायचे, पोतं हलवायचं आणि ओंजळ भरून बघायचं. ओंजळीत काळे पुष्कळ आले तर पोतं लहान, एखाददुसराच आला तर पोतं मोठं. मास्तर दर वसंतात जाळ्याने पाचशे पट्टेरी पकडतात, कात्रीने पोटाखालच्या एका पराचं टोक कापतात (ते वर्षभरात पुन्हा वाढतं) आणि सोडून देतात. उन्हाळाभर गळवाले मासे पकडतात, ती झाली ओंजळ. शेडमध्ये एक वही ठेवलेली असते. आज किती मासे मिळाले आणि त्यांतले किती कापलेल्या पराचे, एवढंच तिच्यात लिहायचं. हंगाम संपला की वही मास्तरांकडे जाते, ते हिशेब करतात, आणि शेडबाहेरच्या फळ्यावर पत्रक लागतं: ‘यंदा तळ्यात काय’. मासे किती, केवढे, पुढच्या वर्षी माणशी किती न्यायचे. लोक ते राशिभविष्यासारखं वाचतात आणि राशिभविष्याइतकंच मानतात.

मास्तरांचा एक नियम होता. हंगामात ते शेडकडे फिरकत नसत. मी तिथे बसलो तर लोक मला बरं वाटावं म्हणून आकडे सांगतील, म्हणायचे. घरातून शेड दिसते, ऐंशी पावलं आहेत (त्यांनीच मोजलेली), पण हंगामात त्यांचा चहा घरी.

शेड माझ्याकडे आली पाच वर्षांपूर्वी. पहिल्याच आठवड्यात एका निवृत्त पोस्टमनने कापलेल्या पराचा मासा आणला आणि विचारलं, वहिनी, हा मास्तरांचा मासा, ह्याचं काय करू? मला मास्तरांचं कौतुक वाटलं. वसंतातल्या गार पाण्यात कमरेपर्यंत उभं राहून सासऱ्यांनी एकेक मासा धरला, कापला, सोडला, त्यांची पाठ धरली ती मी शेकली होती. तो मासा कुणी तळून खायचा म्हणजे काय? मी म्हटलं, वहीत लिहा आणि सोडून द्या त्याला, आणि हा घ्या चहा, फुकट.

इथून प्रथा पडली. मास्तरांचा मासा मिळाला की वहीत लिहायचा, धक्क्यावरून सोडायचा आणि फुकटचा चहा प्यायचा. तशी पाटी मी स्वतः रंगवून शेडच्या आत लावली, तिच्यावर कात्री आणि कप काढला. लोकांना फार आवडली. ज्यांना एरवी वही लिहायचा कंटाळा, तेही चहासाठी लिहायला लागले. मी स्वतःवर खूश होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण हात दाखवताना कुठे कळतं.

पहिल्या वर्षीच आकडा खाली आला. आधी सहा-सात हजारांच्या घरात असायचा, तो पाच हजारांवर आला. मास्तरांनी माणशी दहा माशांची मर्यादा पाचवर आणली. पुढच्या वर्षी चार हजार, मग मर्यादा तीन. त्यानंतर आणखी खाली. चहाची कीर्ती वाढत गेली तसा आकडा उतरत गेला, पण या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या तर नाहीच.

खात्याचा एक जुना नियम आहे. आकडा अडीच हजारांच्या खाली गेला की तळं तीन वर्षं बंद. गळ नाही, होडी नाही. तीन वर्षं शेड बंद म्हणजे ती कायमचीच बंद, आणि घर शेडबरोबरच खात्याने दिलेलं, तेही जाणार. हे आम्हा चौघांनाही माहीत होतं आणि चौघांपैकी कुणीही जेवताना बोलत नव्हतं.

या वर्षी वही घरी नेऊन दिल्यावर मास्तरांनी ताकास तूर लागू दिली नाही. पण त्यांच्या ताटावरून मला कळायचं ते कळत होतं. चौथ्या दिवशी सासूबाईंनी वाढता वाढता विचारलं, अडीचच्या वर की खाली? ते म्हणाले, दोन हजार शंभर. नवऱ्याने घास खाली ठेवला. मग मास्तर हळूच म्हणाले की त्यांना एक गोष्ट जमत नाहीये. मासे कमी असतील तर उरलेल्यांना खायला भरपूर मिळायला हवं. वर्तुळं रुंद हवीत. पण खवले काढून बघितले तर वर्तुळं एकमेकांना चिकटलेली. सहा वर्षांचा मासा वीतभरसुद्धा नाही. आकडा सांगतोय तळं रिकामं, खवले सांगतायत दाटी.

"मग दोघांतलं खोटं कोण?" सासूबाईंनी विचारलं.

"खवला खोटं बोलत नाही," मास्तर म्हणाले.

मला राग आला. म्हणजे काय, माझी वही खोटं बोलते? इतकी वर्षं ती मी जिवापाड सांभाळली होती. एक पान फाटू दिलं नव्हतं. मी भांडी जरा जोरात घासली, सगळ्यांना ऐकू जातील एवढी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर शेडमध्ये आले. हंगाम उतरला होता, तरी काही गळवाले होतेच. त्यांना दारात बघून मी दचकले, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ते मी असताना आत आले होते. बाकावर बसले, चहा मागितला. मी दिला. त्यांची नजर पाटीवर गेली, कात्रीवर आणि कपावर. त्यांनी ती वाचली. सुताराच्या सवयीने दोनदा वाचली.

इतक्यात पोस्टमन आला, हातात बादली. मास्तरांना बघून त्याला कोण आनंद झाला. आज योग बघा, म्हणाला, तुमचाच मासा घेऊन आलोय. बादलीत हाताच्या पंज्याएवढा पट्टेरी, पोटाखालचा पर कापलेला, आणि वरचा ओठ डावीकडे फाटून लोंबत होता.

"हा आपला ओळखीचा आहे," पोस्टमन मला म्हणाला. "ह्याच्या नावावर मी ह्या उन्हाळ्यात पाच चहा प्यायलोय. डॉक्टरांनी दोन. अधाशी आहे, पण मनाचा मोठा."

मास्तरांनी कप बाकावर ठेवला. बादलीपाशी गेले, मासा उचलला, ओठ बघितला, पर बघितला.

"वहीत दर वेळी लिहिला?" त्यांनी विचारलं.

"लिहिल्याशिवाय वहिनी चहा देतात होय?"

मला तेव्हा समजलं. एका क्षणात आणि पायापासून डोक्यापर्यंत. पांढरा वाटाणा एकदाच ओंजळीत यायचा आणि पिशवीतून घरी जायचा. काळा मात्र ओंजळीत यायचा, मोजला जायचा, परत पोत्यात जायचा, पुन्हा यायचा, पुन्हा मोजला जायचा. शिवाय काळ्याला चहा होता, पांढऱ्याला काही नव्हतं, म्हणून पांढरे कित्येक जण लिहायचेच नाहीत. तळं रिकामं नव्हतंच. ते मी चहा पाजून पाजून वहीत रिकामं केलं होतं.

मास्तरांनी मासा परत बादलीत सोडला. पोस्टमनला म्हणाले, घ्या तुमचा चहा. तो पिऊन जाईपर्यंत ते थांबले. मग मला विचारलं, "हे कुणी सुरू केलं?"

"मी," म्हटलं. "बाबा, तुमची मेहनत होती त्यात. मला वाटलं..." ज्या माणसाने मला एवढ्या वर्षांत कधी आवाज चढवून हाक मारली नाही त्याच्यासमोर मी रडले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते पाटीकडे बघत म्हणाले, "कप छान काढलायस."

घरी हे सांगितल्यावर नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. त्याचं म्हणणं सरळ होतं: चूक सापडली, आता बाबांनी हिशेब दुरुस्त करावा, खरा आकडा सात हजार असेल तर सात हजार लिहावा, तळं वाचलं. मलाही तेच हवं होतं, पण माझी बोलायची छाती नव्हती. मास्तर खिडकीशी भिंग पुसत बसले होते.

"लिहिलं तर कोण मानेल?" ते म्हणाले. "आकडा आला तेव्हा तळं बंद होणार होतं. मग माझ्या मुलाची शेड वाचावी म्हणून मला अचानक वहीत चूक सापडली, तीसुद्धा माझ्याच सुनेची. मी खात्यात असतो तर मीच मानलं नसतं."

"पण खरं आहे ना ते?" नवरा म्हणाला.

"खरं आहे. पण मी सांगायच्या लायकीचं नाही राहिलं."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, सासूबाई एवढंच बोलल्या आणि आत गेल्या.

त्याच दिवशी त्यांनी खात्याला पत्र लिहिलं. मला वाचायला दिलं. त्यात लिहिलं होतं की यंदाचाच नव्हे तर मागचे चारही आकडे भरवशाचे नाहीत, ते रद्द समजावेत. नवी मोजणी दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावी, आणि ती होईपर्यंत आपल्याला या तळ्याच्या कामापासून दूर ठेवावं. त्यांच्या निवृत्तीला पाच महिने राहिले होते. चौतीस वर्षं ज्या माणसाने सातला सहा म्हटलं नाही, त्याने स्वतःच्या सहीने स्वतःची पाच वर्षं खोडली. ते पत्र मीच पाकिटात घातलं आणि टपालात टाकलं.

पलीकडच्या मोठ्या तळ्याची मोजणीबाई आली. उंच, कडक, बूट गुडघ्यापर्यंत. तिने आमच्या होड्या घेतल्या नाहीत, स्वतःची आणली. मी चहा पुढे केला तर म्हणाली, तुमच्या चहाबद्दल पुष्कळ ऐकलंय, नको. मी निमूट कप परत घेतला. तिने आठ दिवस तळं गळवाल्यांना बंद ठेवलं, वीस ठिकाणी जाळी टाकली, आणि पकडलेला प्रत्येक मासा मोजून तरंगत्या पिंजऱ्यात ठेवला, म्हणजे कुणीही दोनदा मोजला जाणार नाही. आठही दिवस मास्तर घरातून बाहेर पडले नाहीत. तळ्याकडची खिडकीसुद्धा त्यांनी लावून घेतली. मी सांगायला गेले की आज जाळी भरून आली, तर हात वर करून मला थांबवलं. तिचं काम तिला करू दे, म्हणाले.

नवव्या दिवशी ती स्वतः घरी आली. पाचशे साठ मासे पकडले, त्यांत कापलेल्या पराचे चाळीस. म्हणजे तळ्यात सात हजार पट्टेरी, आणि सगळे रोड. बंद करण्याची गरज नाही. उलट बंद केलं असतं तर मासे आणखी खंगले असते. मर्यादा पंधरा करा, म्हणाली, बारीक मासे लोकांना मनसोक्त नेऊ द्या. जाताना दारात थांबून मास्तरांना म्हणाली की असं पत्र लिहिणारा माणूस तिने खात्यात बघितला नव्हता. मग सासूबाईंनी केलेला चहा उभ्या उभ्याच प्यायली.

शेड वाचली, घर वाचलं. नवऱ्याने त्याच संध्याकाळी एका होडीला रंग द्यायला घेतला. फळ्यावर नवं पत्रक लागलं ते मास्तरांच्या अक्षरात, कारण मोजणीबाईचंच म्हणणं पडलं की या तळ्याचं पत्रक इथल्याच माणसाने लिहावं. मी वाचायला गेले. वर आकडा, मग मर्यादा, आणि खाली: ‘मागील चार वर्षांचे आकडे चुकीचे होते. मर्यादा विनाकारण कमी केली गेली. चूक माझी.’

मी तशीच घरी गेले. म्हटलं, बाबा, हे बरोबर नाही. चूक माझी आहे, आख्ख्या तळ्याला माहीत आहे, पाटी अजून माझ्याकडे आहे. तुम्ही कशाला स्वतःच्या अंगावर घेता? मला कुणाचे उपकार नकोत.

"उपकार नाहीत," ते म्हणाले. "तुला कुणी सांगितलं होतं का, मासा सोडायचा नाही म्हणून? मी वही दिली, कशासाठी ते सांगितलं नाही. आणि ऐंशी पावलांवर एकदाही बघायला आलो नाही. मोठा नियम केला होता मी."

मी पत्रक तसंच राहू दिलं. पण पत्रकाकडे बघितलं की तो शेवटचा शब्द मला टोचायचा, म्हणून आठवडाभर मी त्या बाजूने जायचंच टाळलं.

आठवड्यानंतर पोस्टमन आला. बादलीत तोच, फाटक्या ओठाचा. पोस्टमन धक्क्याच्या काठावर उभा राहून माझ्याकडे बघत राहिला.

"वहिनी, ह्याला सोडतो," तो म्हणाला. "एकाने काय होतंय. लिहीत नाही वहीत."

आजूबाजूला चौघं होते, सगळे माझ्याकडे बघत होते. मला तो मासा सोडायचा होता, खोटं कशाला सांगू. पण तळ्यात सात हजार तोंडं होती आणि खाणं तेवढंच. म्हटलं, पिशवीत ठेवा, वहीत एकदा लिहा. पोस्टमनला जमेना, तेव्हा मीच तो घेतला आणि एका फटक्यात मारला. मग चिमट्याने त्याच्या अंगावरचा एक खवला काढला, कागदात गुंडाळला, आणि पोस्टमनला चहा दिला. पैसे घेऊन.

संध्याकाळी तो कागद मास्तरांपुढे ठेवला. कुणाचा ते सांगावं लागलं नाही. त्यांनी खवला काचेवर ठेवला, भिंग खाली केलं, पुष्कळ वेळ बघितलं. मग खुर्चीवरून उठले आणि मला बसायला सांगितलं. इतक्या वर्षांत मी त्या भिंगातून कधी बघितलं नव्हतं. आधी नुसतं धुकं दिसलं, मग त्यांनी बाजूचा स्क्रू फिरवला आणि वर्तुळं दिसायला लागली. मी मोजली. आतली पाच रुंद, सुटी सुटी. त्यांच्याबाहेर, कडेला, काही वर्तुळं अशी चिकटून बसली होती की मोजताना डोळे दुखले.

"बाहेरची किती?" त्यांनी मागून विचारलं.

"चार."

"उपाशी होता तो," ते म्हणाले. "ती चार आपली."

मी मान वर केली नाही. दोनदा मोजायची रीत आहे आमच्याकडे, म्हणून पुन्हा मोजली. चारच होती.